अंगठ्याचा कौल

काका कटरचं नवं पातं उजेडाला धरून बघतात आणि त्याच्या दोन्ही टोकांना सेलोटेप गुंडाळतात. मधे जेमतेम अर्धा सेंटिमीटर धार उघडी राहते. टेबलावर गिटार पालथी घातलेली आहे, नेकखाली जुन्या गोधडीची घडी. पाचव्या फ्रेटच्या मागच्या अंगाला तांदळाएवढा पारदर्शक फुगवटा चमकतोय. कालपर्यंत तिथला टवका उडालेला होता.

“कॉटवरून घसरली आणि टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली,” गिटारची मालकीण मला सांगते. बारावीतली असावी. “आई म्हणते, एवढ्याशाला कशाला दुकानात नेतेस? मागून कुणाला दिसणारे? पण बार कॉर्ड धरून हात वर सरकवला की नेमका तिथेच अडकतो.”

“अडकणारच. अंगठा तिथेच असतो ना,” काका मान वर न करता म्हणतात.

शनिवार पेठेतल्या जुन्या इमारतीतली ही पहिल्या मजल्यावरची खोली. भिंतीवर दुरुस्तीच्या गिटारी, एक सतार, तारा नसलेलं एक व्हायोलिन. काकांचा हात मुळात फर्निचरच्या पॉलिशचा. शिसवी कपाटांवर लाखदाण्याचं पॉलिश चढवता चढवता ते वाद्यांकडे वळले. मी आलोय तारांचा संच घ्यायला. तो केव्हाच पिशवीत पडलाय, पण पात्याला सेलोटेप लावण्याची ही भानगड बघितल्यापासून स्टुलावरून उठवत नाही.

फुगवटा सायनोॲक्रिलेटचा, म्हणजे किराणा दुकानात फेव्हिक्विक मिळतं त्याच जातीच्या गोंदाचा. काकांनी काल तो टूथपिकच्या टोकाने थोडा थोडा सोडलाय, प्रत्येक थर वाळू देऊन. एकदम भरला तर वाळताना आकसतो आणि मधे खळगा पडतो. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने धरतो, त्यामुळे पावसाळी दिवसांत काम झटपट होतं. तरी काकांनी तो रात्रभर तसाच ठेवलाय. लगेच वाळवणारा स्प्रे मिळतो, पण त्याने आत बुडबुडे धरतात असं त्यांचं म्हणणं.

“गोंदच का? लॅकर का नाही?” मी विचारतो.

“आधी वरचं फिनिश कसलं आहे ते बघायचं. लाखेचं असेल तर स्पिरिटने चिकट होतं. नायट्रोचं असेल तर थिनरने सुटतं. हिला काल नेकच्या टाचेपाशी थिनर लावून बघितलं, ढिम्म हललं नाही. म्हणजे पॉली.”

जुन्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असायचं. गिब्सन कंपनी आजही तेच वापरते. त्याच्यावर ताजं लॅकर सोडलं की ते जुन्या थरात विरघळून एकजीव होतं, सांधा राहत नाही. पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर एकदा वाळलं की वाळलं, नव्या थराला ते आत घेत नाही. म्हणून खड्डा गोंदाने भरायचा आणि घासून सपाट करायचा. टवक्याऐवजी नुसता पोचा असता, लाकूड दबलेलं पण तुटलेलं नाही, तर ओलं फडकं ठेवून सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने वाफ दिली असती. वाफेने लाकडाचे तंतू फुगून बरेचसे वर येतात. पण पॉलीचा थर शाबूत असला तर वाफ आत शिरतच नाही.

हे सगळं करण्याआधी नेक हलकेच वाकवून, भिंगातून बघून, तडा नाही ना याची खात्री त्यांनी करून घेतली आहे. तारा पूर्ण चढवल्या की नेकवर 70-75 किलोचा ताण येतो. वाकवताना रेघ उघडताना दिसली असती तर हे पॉलिशचं काम राहिलंच नसतं.

काका आता पातं उभं धरतात, किंचित स्वतःकडे कललेलं, आणि फुगवट्यावरून ओढतात. खर्र. पांढरी भुकटी उडते. टेपची दोन्ही टोकं मूळ फिनिशवर टेकून सरकतायत आणि मधली धार टेपच्या जाडीएवढी वर तरंगतेय. त्यामुळे ती फक्त फुगवट्यालाच लागते, आजूबाजूला ओरखडाही उठत नाही. पुन्हा खर्र. पंखा बंद आहे, काकांच्या कपाळावर घाम. मुलगी श्वास रोखून बघतेय. हळूहळू आवाज बारीक होत जातो, मग थांबतो. धारेला खरवडायला काही उरलेलं नाही. उरलाय तो जेमतेम केसाच्या जाडीचा उंचवटा.

तो काढायला वॉटर पेपर. काका 1000 नंबरचा तुकडा खोडरबरावर गुंडाळतात, साबणाच्या पाण्यात बुडवतात. नेकची पाठ गोलसर, तिच्यावर लाकडी ठोकळा चालत नाही, रबर मात्र वळणाबरोबर वाकतं. चार हात मारायचे, फडक्याने पुसायचं, ट्यूबलाइटखाली तिरकं धरायचं. घासलेला भाग धुरकट दिसतो, पण टवक्याच्या मधोमध एक चकचकीत ठिपका शिल्लक आहे. म्हणजे पेपर अजून तिथवर पोचलेला नाही, ती जागा खोल आहे. पुन्हा घासणं. ठिपका बारीक होत होत जातो आणि काका लगेच हात आवरतात. आणखी चार हात मारले तर कडेचं मूळ फिनिश फाटून लाकूड उघडं पडायचं. मग 1500, मग 2000.

“सगळी पाठच मॅट करू का? घामाने हात चिकटायचा नाही,” काका विचारतात आणि भिंतीवरच्या व्हायोलिनकडे बोट दाखवतात. त्याच्या पोटाला, पाठीला व्हार्निश आहे, पण नेकची दांडी कोरडी, नुसती तेल पाजलेली. व्हायोलिनवाले हात सहज सरकावा म्हणून ती तशीच ठेवत आलेत.

“नको. आई म्हणेल, टवका दाखवायला नेलीस आणि सगळी चमक घालवून आणलीस.”

काका हसतात आणि गाड्या रंगवणाऱ्यांचं रबिंग कंपाउंड बोटभर घेऊन कापडाने चोळतात. धुरकटपणा जातो.

“आता डोळे मीट आणि अंगठा फिरव.”

ती फिरवते. वर, खाली, पुन्हा वर. जागा तिला सापडत नाही. मग डोळे उघडून गिटार खिडकीकडे वळवते आणि तिचा चेहरा पडतो. “काका, डाग दिसतोय की!”

दिसतोय खरा. उघड्या लाकडाने गोंद पिऊन घेतलाय, तेवढी जागा गडद झाली आहे.

“दिसणारच. रंग जुळवायचा तर तो गोंद भरायच्या आधी लावावा लागतो. काल मी तुला विचारलं होतं.”

“हो, मीच नको म्हटलं. पैसे वाढले असते.”

माझ्या मते तिने नाही म्हटलं तेच बरं केलं. समोरच्या बाजूचा टवका असता तर रंगासाठी मीही हट्ट धरला असता, पण नेकच्या पाठीचा गिऱ्हाईक एकटा अंगठा. शिवाय गिटारवाल्यांची तऱ्हा न्यारी. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरच्या 1961 च्या स्ट्रॅटोकास्टरचा रंग इतका उडाला होता की बहुतेक भाग नुसतं लाकूड. त्या गिटारीचं नाव काढलं की लोकांना आधी ते उडालेलं रंगकामच आठवतं. फेंडरचा कस्टम शॉप तर 1990 च्या दशकापासून कोऱ्या गिटारीला मुद्दाम चरे-टवके पाडून जास्त किमतीला विकतोय. या मुलीला तो डाग फुकट मिळालाय. पण हे तिला आत्ता सांगण्यात अर्थ नाही, ती अजून नखाने त्या जागेवर टकटक करून बघतेय.

काका तारा चढवतात, ट्यून करतात, गिटार तिच्या मांडीवर देतात. ती पहिल्या फ्रेटवर बार धरते, एफ वाजवते आणि तीच पकड घेऊन थेट पाचव्यावर जाते, तिथून सातव्यावर. अंगठा कुठेच थबकत नाही. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा पाचव्यावर आल्यावर मात्र ती थांबते, कान खाली नेते.

“काका, इथे तिसरी तार कर्र करतेय. हे तुमच्याकडे दिल्यावर झालं.”

“ती आधीपासूनच करत असणार. तुझं सगळं लक्ष अंगठ्याकडे होतं,” असं म्हणत काका ड्रॉवरमधली ॲलन की शोधायला लागतात. “आण इकडे. याचे वेगळे पैसे नाहीत.”