कार्यालयातील जुना प्रोटोकॉल आणि त्याची निवृत्ती

बेंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा हा भाग व्हाइटफील्ड येथील संगणक-उद्योगामुळे देशभर परिचित झाला आहे. तेथील एखाद्या मोठ्या कंपनीचे कार्यालय घ्या, अथवा दोन खोल्यांत चालणारी हिशेबनिसाची पेढी घ्या. दोन्ही ठिकाणी अनेक संगणक एकाच जागी साठविलेल्या फाइली वाचतात आणि एकाच प्रिंटरवर छपाई करतात. हे शक्य व्हावे म्हणून यंत्रांनी परस्परांशी कोणत्या रीतीने बोलावे, हे आधी ठरवून द्यावे लागते. अशा नियमावलीला प्रोटोकॉल म्हणतात.

या कामासाठी सर्वाधिक रूढ असलेला प्रोटोकॉल म्हणजे ‘एसएमबी’ होय. आयबीएम कंपनीतील बॅरी फायगनबॉम यांनी 1983 च्या सुमारास त्याची मूळ मांडणी केली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने त्याचा विस्तार केला. त्या काळी कार्यालयाचे संगणक बहुधा एकाच छताखाली असत. पाठविलेला मजकूर गुप्तलिपीत बदलण्याची सोय पहिल्या आवृत्तीत नव्हती. ती 2012 साली तिसऱ्या आवृत्तीत आली. मायक्रोसॉफ्टने 2014 मध्ये पहिली आवृत्ती कालबाह्य ठरविली. परंतु अनेक जुन्या यंत्रांना दुसरी भाषा येत नसल्यामुळे ती वापरात राहिलीच.

त्याचे परिणाम 2017 मध्ये दिसून आले. विंडोजमध्ये या पहिल्या आवृत्तीच्या हाताळणीत एक गंभीर दोष होता. त्यावरील दुरुस्ती 14 मार्च रोजी प्रसिद्ध झाली. परंतु असंख्य संगणकांवर ती बसविली गेली नाही. 12 मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा घातक प्रोग्रॅम याच वाटेने सुमारे 150 देशांत पसरला. 27 जून रोजी ‘नॉटपेट्या’ आला. मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणेबरोबर, तिच्याच समूहाकडून चालविले जाणारे न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनलही त्यामुळे ठप्प झाले. सर्व खापर एकाच दोषावर फोडणे मात्र योग्य नव्हे. नॉटपेट्या संगणकांतील परवलीचे शब्द चोरूनही पुढे सरकत असे. तथापि जुना प्रोटोकॉल बंद केल्याने एक उघडे दार निश्चितच बंद होते.

मग ते बंद का होत नाही? याचे उत्तर पुष्कळदा कोपऱ्यातील झेरॉक्स यंत्रात सापडते. ते कागद स्कॅन करून सर्व्हरवरील फोल्डरमध्ये ठेवते, आणि त्यासाठी त्याला पहिलीच आवृत्ती लागते. नव्या विंडोजमध्ये ती सहसा चालू नसते. नवा सर्व्हर येताच स्कॅनिंग थांबते, तक्रारी सुरू होतात आणि कोणीतरी जुना प्रोटोकॉल पुन्हा चालू करून देतो. अशा रीतीने एका यंत्राच्या सोयीसाठी सर्व कार्यालयाची सुरक्षितता गहाण पडते.

म्हणून प्रथम शोध, नंतर बदल आणि शेवटी बंदी, हा क्रम पाळावा. जुन्या आवृत्तीने कोण संपर्क साधतो, याची नोंद ठेवण्याची सोय विंडोज सर्व्हरमध्ये आहे. ती निदान महिनाभर चालू ठेवावी, कारण काही कामे महिनाअखेरीसच होतात. त्यातून जी यंत्रे आढळतील त्यांच्या निर्मात्याने नवे अंतर्गत सॉफ्टवेअर दिले असल्यास ते बसवावे. तसे नसल्यास स्कॅन केलेला कागद ईमेलने पाठविण्याची व्यवस्था करावी. छपाईसाठी ‘आयपीपी’ हा स्वतंत्र प्रोटोकॉल उपलब्ध आहे. विंडोज एक्सपीवर चालणारे एखादे यंत्र टाकून देणे शक्यच नसेल, तर त्याला इतर संगणकांपासून अलग अशा जाळ्यात ठेवावे.

बंदीनंतर एक गोष्ट कर्मचाऱ्यांना गोंधळात टाकते. ‘नेटवर्क’ या खिडकीतील शेजारच्या संगणकांची यादी कधीकधी रिकामी दिसू लागते, कारण ती तयार करणारी जुनी सेवा याच आवृत्तीवर अवलंबून होती. फाइली मात्र जागच्या जागी असतात. सर्व्हरचे नाव थेट लिहिल्यास त्या उघडतात. ही सूचना आदल्या दिवशीच सर्वांना दिली, तर जुना प्रोटोकॉल पुन्हा चालू करण्याचा आग्रह कोणी धरणार नाही.