वाफेवर शिजणारे गाव

रोटोरुआची पहिली ओळख नाकाला होते. ऑकलंडहून गाडीने दक्षिणेकडे साधारण तीन तास आले, की उकडलेल्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. हा हायड्रोजन सल्फाइड. चांदीचे दागिने काळवंडवणारा हा वायू शहराच्या जमिनीतून सतत झिरपत असतो. थोड्या वेळाने नाक सरावते आणि मग डोळ्यांचे काम सुरू होते. कुइराउ पार्क ही शहराच्या मध्यातली, कुणालाही फुकट फिरता येणारी बाग. तिथे फुलांच्या ताटव्यांपलीकडे कुंपणाआड चिखल रटरटत असतो आणि लोक शेजारच्या गरम पाण्याच्या हौदात पाय सोडून गप्पा मारत बसलेले असतात.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरचे हे शहर ज्या तळ्याकाठी आहे, ते तळे ज्वालामुखीच्या पोटातच साठलेले आहे. सुमारे २ लाख ४० हजार वर्षांपूर्वी इथे प्रचंड उद्रेक झाला, शिलारस बाहेर पडला आणि आधार गेलेली जमीन खाली बसली. त्या खळग्यात आज सुमारे ८० चौरस किलोमीटरचे पाणी आहे. भट्टी मात्र अजून विझलेली नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, तापते आणि वर येते. वाट मोकळी असेल तर नुसते कुंड तयार होते. वाट अरुंद आणि खालचा दाब पुरेसा असेल, तर पाणी कारंज्यासारखे उसळते. असे फवारे म्हणजे गायझर. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध पोहुतू. तो दिवसातून अनेकदा उडतो आणि कधी कधी ३० मीटरपर्यंत पोहोचतो.

पोहुतू ज्या खोऱ्यात आहे, त्याचे नाव फाकारेवारेवा. माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ लोकांच्या, भाषेतल्या नावात इंग्रजी लिपीतल्या ‘डब्ल्यूएच’चा उच्चार बहुधा ‘फ’ होतो, एवढे ध्यानात ठेवले की पाट्या वाचता येतात. इथे तुहोउरांगी न्गाती वाहियाओ या लोकांची वस्ती आहे. हे पर्यटकांसाठी उभारलेले देखाव्याचे गाव नाही. घरांच्या मधूनच वाफ निघते. जमिनीत बसवलेल्या लाकडी पेटीत मांस, बटाटे आणि कुमारा म्हणजे रताळी ठेवायची, झाकण लावायचे आणि आपल्या कामाला जायचे. मक्याची कणसे जाळीत भरून थेट उकळत्या कुंडात सोडतात. आंघोळीचे हौद वेगळे. त्यांत पाणी पाटाने आणून निववले जाते. कुठले कुंड स्वयंपाकाचे आणि कुठले अंगावर घेण्याचे, याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

हे सगळेच लोक मूळचे इथले नव्हेत. त्यांतल्या अनेकांचे पूर्वज तारावेरा डोंगराजवळच्या ते वाइरोआ गावी राहत. तिथून पर्यटकांना होडीने गुलाबी आणि पांढऱ्या सिलिकाच्या पायऱ्या दाखवायला नेत. जगभरातून माणसे त्या पाहायला येत. १० जून १८८६ च्या पहाटे तारावेरा फुटला. सुमारे १२० माणसे मेली, पायऱ्या नाहीशा झाल्या, ते वाइरोआ राखेखाली गेले. प्रसिद्ध वाटाडी सोफिया हिनेरांगी हिच्या घरात आसरा घेतलेले लोक वाचले. वाचलेल्यांपैकी बरेचजण फाकारेवारेवाला नातेवाइकांकडे आले आणि सोफियाने वाटाडेपणाचे काम इथे पुन्हा सुरू केले. तिच्यानंतर नाव गाजले माकेरेती पापाकुरा हिचे. उतारवयात ती ऑक्सफर्डमध्ये मानववंशशास्त्र शिकली. १९३० मध्ये तिचे निधन झाले आणि आपल्या लोकांविषयी तिने लिहिलेले पुस्तक १९३८ साली प्रसिद्ध झाले. पाहुण्यांना आपले घर दाखवता दाखवता त्या घराचा अभ्यास लिहिणारी ही बाई रोटोरुआच्या कोणत्याही गायझरइतकीच लक्षात राहायला हवी.

रोटोरुआची खरी कसोटी मात्र १९८० च्या दशकात लागली. घरे आणि हॉटेले उबदार ठेवायला शहराने शेकडो बोअर पाडले होते. गरम पाणी फुकट मिळत होते आणि कितीही उपसता येत होते. मग जमिनीखालचा दाब उतरू लागला. पापाकुरा नावाचा गायझर १९७९ मध्येच थांबला होता. पोहुतूचेही काही खरे दिसेना. शेवटी सरकारने पोहुतूपासून १.५ किलोमीटरच्या आतले बोअर बंद करायला लावले. थंडीच्या गावात घरातली ऊब काढून घेणारा हा हुकूम होता, त्यामुळे विरोध जोरदार झाला. पण दाब पुन्हा वाढला, पोहुतू सावरला आणि २०१५ मध्ये पापाकुराही पुन्हा उसळू लागला. उपसा थांबवला तर जमीन भरून येते, याचा इतका डोळ्यांना दिसणारा पुरावा क्वचितच मिळतो.

साहसाची हौस असणाऱ्यांना इथे खेळांचा तोटा नाही. काइतुना नदीवर तुतेआ धबधब्यावरून राफ्ट सरळ सुमारे ७ मीटर खाली पडते. मोठ्या पारदर्शक चेंडूत बसून उतारावरून गडगडत जाण्याचा झॉर्ब हा खेळ न्यूझीलंडमधलाच. चाकांच्या छोट्या गाडीवरून डोंगर उतरण्याचे ल्यूज इथे १९८५ पासून चालते. शहराला लागूनच, १९०१ मध्ये लावलेल्या कॅलिफोर्नियन रेडवूडच्या रानात माउंटन बाइकच्या वाटा आहेत. सायकल चालवायची नसेल, तरी त्या झाडांखाली तासभर चालावे.

संध्याकाळचे माओरींचे हाका नृत्य आणि हांगी म्हणजे जमिनीत शिजवलेले जेवण बहुतेक सहलींत असतेच. ते पाहावे, पण समजून घेऊन. स्वागताला भाला घेऊन सामोरा येणारा योद्धा पाहुण्याचा हेतू पारखत असतो. त्या वेळी हसणे किंवा मधे बोलणे अपमानकारक ठरते. माओरी सभागृहाच्या आढ्याचा वासा म्हणजे पूर्वजाचा कणा, तिरपे वासे म्हणजे बरगड्या. आत शिरणे म्हणजे पूर्वजाच्या कुशीत शिरणे, म्हणून चपला बाहेर काढायच्या. ‘ते पुइया’ या केंद्रातल्या संस्थेत तरुण माओरी अशा सभागृहांवरचे कोरीवकाम आजही शिकतात. पाहुण्यांना त्यांचे काम जवळून पाहता येते.

माओरींचा हा वारसा आता कागदावरही मान्य होऊ लागला आहे. या परिसरातल्या १३ तळ्यांचे तळ २००६ च्या कायद्याने ‘ते आरावा’ या इथल्या माओरी लोकांकडे परत आले. २०१७ मध्ये रोटोरुआने स्वतःला माओरी आणि इंग्रजी अशा दोन भाषांचे शहर म्हणून जाहीर केले.

जायचे ठरलेच, तर पहिली सकाळ फाकारेवारेवाला द्या, तीही तिथल्याच वाटाड्याबरोबर. आधी वाफेवर शिजलेले कणीस खा. राफ्ट आणि झॉर्ब दुपारीही मिळतात.