कॅमेरा रुसला, की आपण चुकलो?

"बाई, कॅमेरा बिघडला! माझ्याकडूनच बिघडला!"

मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा रडवेला होऊन माझ्यापुढे उभा राहिला. त्याच्या हातात आमच्या शाळेचा डिजिटल कॅमेरा होता. एका माजी विद्यार्थ्याने स्वतःचा जुना कॅमेरा शाळेला भेट दिला होता. आमची डोंबिवलीची शाळा तशी लहानच. त्यामुळे या कॅमेऱ्याची सगळ्यांना कोण अपूर्वाई! आणि त्या दिवशीचे कामही साधेसुधे नव्हते. शाळेची घंटा देणाऱ्या आमच्या मावशी महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या. त्यांचा घंटा वाजवतानाचा फोटो मोठा करून, चौकटीत बसवून त्यांना द्यायचा, असे मुलांनी ठरवले होते. मावशींना कळू नये म्हणून या पठ्ठ्याने वर्गाच्या खिडकीतून गुपचूप फोटो काढले. एक-दोन नव्हे, चांगले अकरा! आणि अकराच्या अकरा फोटोंत मावशी म्हणजे नुसता निळा, धुरकट ठिपका.

संध्याकाळी मी कॅमेरा एका दुकानात दाखवला. दुकानदाराने तो काउंटरच्या गुळगुळीत पांढऱ्या फळीवर अगदी जवळून धरला, दोनदा बटण दाबले आणि सांगून टाकले, "फोकसची मोटर गेलीय. अडीच हजार होतील."

दुसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेत आला तो हातात रुमालाची पुरचुंडी घेऊनच. आत खाऊचे साठवलेले पैसे होते. मला अगदी गलबलून आले. म्हटले, "हे आधी दप्तरात ठेव बघू. कॅमेरा खरंच बिघडलाय का, ते आपण आपलं तपासू."

आम्ही ते अकरा फोटो शाळेच्या संगणकावर मोठे करून पाहिले. आणि काय गंमत! मावशी धुरकट होत्या, पण खिडकीचे गज मात्र लख्ख दिसत होते. गजांवरचा गंजसुद्धा मोजता यावा इतका स्पष्ट! मोटर गेली असती तर गज तरी इतके स्वच्छ कसे आले असते? म्हणजे कॅमेऱ्याने त्याचे काम चोख केले होते. फक्त मावशींवर करायच्या ऐवजी गजांवर केले होते.

आता तुम्ही एक प्रयोग करा पाहू. एक डोळा मिटा. उघड्या डोळ्यासमोर वीतभर अंतरावर बोट धरा आणि पलीकडच्या भिंतीवरचे कॅलेंडर पाहा. कॅलेंडरवरची तारीख वाचताना बोट धुरकट होते. बोटावरच्या रेषा पाहायला जावे, तर तारीख धुरकट. दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. आपल्या डोळ्यातले भिंग जवळचे पाहताना फुगीर होते आणि दूरचे पाहताना चपटे. कॅमेऱ्याचे भिंग काचेचे, ते कसे फुगणार? म्हणून एक चिमुकली मोटर ते पुढेमागे सरकवते. माशाच्या डोळ्यातही असेच भिंग सरकते बरं का!

पण भिंग किती सरकवायचे, हे कॅमेऱ्याला कोण सांगते? त्याच्या दोन युक्त्या आहेत. पहिली युक्ती म्हणजे 'सरकव आणि बघ'. भिंग थोडे सरकते, कॅमेरा चित्रातल्या कडा तपासतो. काळ्या-पांढऱ्याची सीमा जास्त ठळक झाली? मग आणखी सरक. आता फिकी पडली? मग पुढे गेलो, मागे ये. कधीकधी कॅमेरा 'झीं झीं' करत बसतो ना, तो हाच शोध. दुसरी युक्ती जास्त चलाख. भिंगाच्या डाव्या आणि उजव्या बाजूने येणाऱ्या प्रकाशाची दोन चित्रे कॅमेरा शेजारी ठेवून पाहतो. ती एकमेकांवर नीट बसली नाहीत, तर किती सरकायचे आणि कोणत्या दिशेला, हे त्याला एकदम कळते.

आपोआप फोकस करणारा पहिला कॅमेरा सर्वसामान्यांच्या हाती आला तो १९७७ साली. त्याचे नाव कोनिका सी-३५ एएफ. पुढच्याच वर्षी पोलरॉइड कंपनीने चक्क वटवाघळाची युक्ती वापरली! त्यांचा कॅमेरा कानाला न ऐकू येणारा आवाज सोडायचा आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर मोजायचा. पण खिडकीच्या काचेतून फोटो काढायला गेले, की आवाज काचेवरच आपटून परत! फोकस काचेवर आणि बाहेरचे दृश्य धुरकट. आमच्या खिडकीसारखीच गत की नाही?

तर मुलांनो, फोटो धुरकट आले की लगेच "बिघडला" म्हणू नका. कॅमेरा असो की घरातला मोबाइल, क्रमाने तपासत जा.

१. काच पाहा. भिंगावर वडापावच्या तेलाचे बोट उमटलेले नाही ना? मऊ, स्वच्छ सुती कापडाने हलकेच पुसा. सदऱ्याच्या टोकाने खसाखसा घासू नका, चरे पडतात. थंडगार वातानुकूलित लोकलमधून पावसाळी फलाटावर उतरलात, तर भिंगावर दव साचते. ते अर्ध्या तासात आपोआप जाते. तोवर कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

२. खटका पाहा. काही कॅमेऱ्यांवर 'एएफ' आणि 'एमएफ' असा खटका असतो. 'एएफ' म्हणजे कॅमेरा स्वतः फोकस करणार, 'एमएफ' म्हणजे तुम्ही हाताने करायचा. पिशवीत ठेवता-काढता तो चुकून सरकतो आणि आपण बिचाऱ्या मोटरला दोष देतो.

३. अंतर पाहा. पुस्तक नाकाला टेकवून वाचता येते का? तसेच कॅमेऱ्याचे. प्रत्येकाचे 'याहून जवळ नको' असे अंतर ठरलेले असते. फुलपाखरू अगदी जवळून टिपायचे असेल, तर फुलाचे चिन्ह निवडा किंवा सरळ दोन पावले मागे या.

४. उजेड आणि कडा पाहा. अंधारात किंवा कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर कॅमेऱ्याला कडाच सापडत नाहीत. मग तो करणार काय? बाईंच्या पांढऱ्या साडीवर नको, साडीच्या काठावर नेम धरा.

५. मध्ये काय आहे ते पाहा. गज, जाळी, झाडाच्या फांद्या. कॅमेरा बहुधा जवळची वस्तू पकडतो. अशा वेळी फोकसची चौकट एकच आणि लहान ठेवा, म्हणजे ती जाळीच्या भोकातून नेमकी हव्या त्या वस्तूवर धरता येते. मोबाइलवर त्या वस्तूवर बोट टेकवा.

६. घाई करू नका. बटण आधी अर्धेच दाबा. चौकट हिरवी झाली, की मग पूर्ण दाबा. एकदम खटकन दाबले, तर कॅमेऱ्याला शोधायला वेळच मिळत नाही.

एक फरक लक्षात ठेवा. सगळा फोटो एकाच दिशेला ओढल्यासारखा दिसत असेल, तर तुमचा हात हलला. फक्त धावणारा मुलगा पुसट आणि मैदान स्पष्ट असेल, तर मुलगा वेगात होता. हे फोकसचे दोष नव्हेत. पण मागची भिंत लख्ख आणि माणूस धुरकट असेल, तर मात्र फोकस चुकला.

ठाणे खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो पाहायला गेलात, तर हे सगळे धडे एकदम उपयोगी पडतील. २०१५ साली तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, ठाणे खाडीचे नाव आले. तिथे पक्षी दूर, होडी डुलती आणि सगळीकडे एकरंगी चिखल! नेम चिखलावर धराल तर कॅमेरा 'झीं झीं' करत बसेल. पक्ष्याचा गुलाबी रंग जिथे चिखलाला भिडतो, त्या कडेवर धरा.

आता आमच्या कॅमेऱ्याकडे वळू. शेवटची परीक्षा बाकी होती. भरदुपारी आम्ही व्हरांड्यातल्या भिंतीवर वर्तमानपत्राचे पान चिकटवले. कॅमेरा बाकावर ठेवला. एक मीटरवरून, दोन मीटरवरून, चार मीटरवरून फोटो काढले. तिन्हींत ठळक मथळे अगदी स्वच्छ! या परीक्षेत नापास झाला असता, तर खुशाल दुरुस्तीला दिला असता. आणि दुकानात काय झाले होते? तिथे कोरी पांढरी फळी, तीही अगदी नाकाजवळ. तिसरी आणि चौथी चूक एकदम!

पैशांची पुरचुंडी तशीच घरी गेली.

मावशींच्या निवृत्तीच्या दिवशी तो मुलगा खिडकी सोडून व्हरांड्यात खांबाआड उभा राहिला. छोटी चौकट मावशींच्या पदराच्या काठावर धरली. बटण अर्धे दाबले. हिरवी खूण आली. तेवढ्यात मावशींनी टोल दिला, आणि त्याने बटण पूर्ण दाबले. त्या फोटोत घंटेवरचे ठोक्यांचे वळ दिसतात, मावशींच्या हातावरचे गोंदण दिसते आणि डोळ्यांतले पाणीही दिसते.

चौकटीतला फोटो हातात घेऊन मावशी म्हणाल्या, "अरे, एवढी वर्षं घंटा दिली, पण ती वाजवताना मी अशी दिसते, हे मला आजच कळलं!"

मग मुलांनो, या रविवारी घरातला कॅमेरा किंवा मोबाइल घ्या आणि वर्तमानपत्राची परीक्षा करून पाहा. आणि हो, तुमच्या शाळेतल्या मावशींचा किंवा शिपाईकाकांचा एक छानसा फोटो काढायला विसरू नका. गजांतून मात्र नको हं!