जळगाव–धुळे प्रवास: कुत्र्याला गाडीत सुरक्षित कसं न्याल?

एरंडोल-पारोळामार्गे निघताना आपण बेल्ट लावतो. कुत्र्यालाही तशीच सोय हवी.

✅ लहान कुत्रा: मजबूत पिंजरा. आत उभं राहता, वळता, झोपता यावं. पिंजरा गाडीला घट्ट बांधा. आठवडाभर आधी घरीच सवय लावा.

✅ मोठा कुत्रा: छातीचा हार्नेस, मागच्या सीटच्या बेल्टला अडकवलेला. गळपट्ट्याला अडकवू नका. ब्रेक लागताच मानेला हिसका बसतो.

❌ पुढची सीट नको, एअरबॅगने जबर इजा होते.

❌ मे महिन्यात खान्देशचा पारा ४४ अंशांवर जातो. उन्हातली बंद गाडी दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी आणखी तापते. चहापुरतंही त्याला आत सोडू नका. पहाटेच निघा, पाणी सोबत ठेवा.

प्राण्याला यातना होतील अशी वाहतूक १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.