बिनपगारी उबवणी

संपादकांना हवा होता अंडी उबवणाऱ्या यंत्रांवरचा लेख. अशी यंत्रं आता लहान गावांतही पोचली आहेत, वीज गेली की त्यांचं काय होतं ते बघून या, एवढंच सांगणं होतं. पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडच्या वाटेला लागली की परभणी जिल्ह्यातलं चुडावा स्टेशन येतं. तिथं एका घरी यंत्राची चौकशी केली, तर मावशींनी ओसरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यातलं टोपलं दाखवलं. "आमचं यंत्र हे. लाईट लागत नाही बगा त्याला."

टोपल्यात तूस, त्यावर कडुनिंबाचा पाला आणि त्यावर खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी. हात पुढे केला तशी पिसं फुलवून गुरगुरली आणि चोच मारली. यंत्राचा लेख मी तिथंच बाजूला ठेवला.

सरकारी इतिहास थोडक्यात उरकता येतो. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यातले सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातले होते, आधीच्या गणनेपेक्षा जवळपास ४६ टक्के जास्त. अंड्यांच्या धंद्याचा पाया मात्र व्हाईट लेगहॉर्न या जातीवर उभा आहे. ती वर्षाला ३००च्या आसपास अंडी देते आणि सहसा खुडूक होत नाही. खुडूकपणा हा दोष धरून माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत तो तिच्यातून काढून टाकला. गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते, कारण मध्येच ती अंडी घालणं थांबवून बसते. कागदावर हा काळ तोट्याचा. मावशींच्या घरी नव्या कोंबड्या याच काळात तयार होतात.

तिचं काम बारकाईनं पाहावं असं आहे. दहा-बारा अंडी घालायला तिला दोन-अडीच आठवडे लागतात, पण पिलं जवळजवळ एकाच दिवशी निघतात. कारण अंडं बाहेर पडून गार झालं की आतल्या जिवाची वाढ थांबते आणि ऊब मिळाली की पुन्हा सुरू होते. सगळी अंडी एकदम पोटाखाली आली की सगळ्यांचे उबवणीचे २१ दिवस एकदम सुरू होतात. मावशी अंडी मडक्यात ओल्या वाळूवर ठेवून वर फडकं टाकतात, ते एवढ्याचसाठी. परभणीच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, अंडं गार होतच नाही. आतली वाढ अर्धवट सुरू होते आणि अर्धवटच मरते. म्हणून कोंबडी बसवायची ती हिवाळ्यात.

बसवलेल्या प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ असते. बसलेली कोंबडी उठून गेली की दुसऱ्या कोंबड्या त्याच टोपल्यात अंडी घालून जातात. बिनरेघेचं अंडं दिसलं की मावशी ते उचलतात, नाहीतर ते मागे राहणार आणि वाया जाणार. सातव्या-आठव्या रात्री मोबाईलच्या बॅटरीसमोर एकेक अंडं धरून बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर ते परत टोपल्यात, स्वच्छ उजेड आरपार आला तर बाजूला.

कोंबडीच्या छातीची पिसं विरळ होऊन उघडी कातडी थेट अंड्यांना लागते. पोटाखाली अंड्यांचा स्पर्श आहे तोवर तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक चढं राहतं आणि तेच तिला बसवून ठेवतं. खुडूक मोडायला लोक कोंबडीला गार पाण्यात बुडवतात, घरट्यापासून दूर बांधून ठेवतात, कुणी नाकपुडीत पीस अडकवतं. घरटं तुटलं की ते संप्रेरक उतरतं, हे त्यामागचं शास्त्र. बसलेली कोंबडी दिवसातून बहुधा एकदाच उठते. पंधरा-वीस मिनिटांत ज्वारी, पाणी, राखेत लोळणं आणि एक भलीमोठी विष्ठा उरकून ती परत येते. टोपलं ती घाण करत नाही. अंडी चोचीनं फिरवते, कडेची आत घेते आणि आतली कडेला सारते. न फिरवलेल्या अंड्यात जीव कवचाच्या पडद्याला चिकटून मरतो. यंत्रात याच कामाला मोटर लावतात.

विसाव्या दिवसाच्या सुमाराला पिलू अंड्यातल्या हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि आतूनच चिवचिवतं. कोंबडी हळू आवाजात उत्तर देते, तो आवाज पिलं बाहेर येण्याआधीच ऐकतात. निघण्यापूर्वी उरलेला बलक पोटात ओढला जातो, म्हणून पहिले दोन दिवस त्यांना दाण्याची गरज नसते. मागे राहिलेल्यांसाठी आई थांबू शकते ती याच्या जोरावर, आणि उबवणी केंद्रं एकदिवसीय पिलं खोक्यात घालून लांब पाठवतात तीही याच्याच जोरावर.

सरकारी योजनेची गाठ या टोपल्याशी पडते ती इथं. राज्यात ५० टक्के अनुदानावर एकदिवसीय १०० पिलांचा गट मिळतो, किंवा २५ तलंगा (तरुण माद्या) आणि ३ नर. सुधारित जाती अंगानं भरतात, अंडीही जास्त देतात. हैदराबादेत तयार झालेली वनराजा, बंगळुरूची गिरिराजा ही त्यातली नावं. मात्र त्या क्वचितच खुडूक होतात. म्हणून त्यांची अंडी गावठीखाली ठेवली जातात. एकदिवसीय पिलं आणली तर रात्री गुपचूप तिच्या पंखाखाली सरकवायची, सकाळी ती त्यांना आपलीच मानते. सुधारित जात परसात टिकते ती अशी, कमी उत्पादक ठरवलेल्या कोंबडीच्या पोटाखाली.

पण उबवणं हा सोपा भाग. पिलं अंगणात आली की घार, मुंगूस आणि मांजर यांची नजर असते. मावशी पहिले दोन आठवडे पिलांवर डालगं झाकतात. घारीला कोंबडी अंगावर घेते. मानमोडीला मात्र तिच्याकडे उत्तर नाही. राणीखेत या नावानंही ओळखला जाणारा हा रोग आला की आठवड्याभरात अंगण रिकामं होतं. लस आहे. लासोटाचा थेंब सातव्या दिवसाच्या आसपास डोळ्यात किंवा नाकात टाकायचा. अडचण कुपीची. एका कुपीत साधारण १०० किंवा त्याहून जास्त मात्रा, ती थंड ठेवायची, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची. मावशींची पिलं अकरा.

या जिल्ह्यानं त्याहून मोठा घावही सोसलाय. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लूचं निदान झालं. एक किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करण्याचा आदेश निघाला. अशा आदेशात फार्म आणि परसदार हा भेद नसतो, ओसरीतल्या टोपल्यालाही तोच नियम. फार्मवाला हॅचरीतून नवी पिलं आणतो. परसात मात्र चांगली बसणारी, पिलं जपणारी, घरानं वर्षानुवर्षं निवडून ठेवलेली कोंबडी जाते. ती हॅचरीत विकत मिळत नाही.

मी मावशींना सुचवलं, दहा घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवल्या तर मानमोडीच्या लसीची एक कुपी पुरेल. त्या हसल्या. "अंडी एका दिवशी ठेवू हो ताई. पण खुडूक कधी व्हायचं ते कोंबडी ठरवते." मग त्यांनीच तोड सांगितली. आधी खुडूक झालेलीला चार-पाच दिवस नासक्या अंड्यांवर बसवून थोपवता येतं, आणि मग सगळ्यांची खरी अंडी एकदम ठेवायची. राहिला प्रश्न पूर्णेहून बर्फात घालून कुपी आणायचा आणि दोन तासांत दहा घरं फिरायचा. ते काम कुणाचं, हे मात्र चुडाव्यात मला कुणी सांगू शकलं नाही.