लिनक्सवरील लॅपटॉप पंखा-नियंत्रण

लिनक्सवरील लॅपटॉप पंखा-नियंत्रण म्हणजे लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपमधील पंख्याच्या वेगाचे मापन व नियमन होय. बहुतेक लॅपटॉपांत हे काम एम्बेडेड कंट्रोलर हा स्वतंत्र सूक्ष्मनियंत्रक करतो.

मापन
लिनक्स कर्नलमधील एचडब्ल्यूमॉन ही उपप्रणाली संवेदकांची मापने फाइलींच्या रूपात उपलब्ध करून देते. तापमान सेल्सिअस अंशाच्या हजाराव्या भागांत (४५००० म्हणजे ४५° से.), तर वेग दर मिनिटाच्या फेऱ्यांत नोंदला जातो. 'सेन्सर्स' या आज्ञेने ही मापने एकत्र पाहता येतात.

नियंत्रण
थिंकपॅड लॅपटॉपांसाठी थिंकपॅड-एसीपीआय हा ड्रायव्हर वापरतात. त्यात वेगाचे ० (बंद) ते ७ असे टप्पे व स्वयंचलित स्थिती असते. वेग बदलण्याची मुभा सुरक्षिततेसाठी मुळात बंद असते. मॉड्यूल सुरू करताना ती द्यावी लागते. थिंकफॅन हा प्रोग्रॅम तापमानानुसार योग्य टप्पा निवडतो.

सुरक्षितता
असा प्रोग्रॅम मध्येच बंद पडल्यास पंखा कमी वेगावर अडकून प्रोसेसर अतितप्त होण्याचा धोका असतो. त्यासाठी ड्रायव्हरमध्ये १ ते १२० सेकंदांचा वॉचडॉग कालमापक लावता येतो. ठरलेल्या मुदतीत नवी आज्ञा न आल्यास ड्रायव्हर पंखा पुन्हा सुरक्षित स्थितीत आणतो.