खोटे दावे आणि न केलेले दावे

मोटार अपघातांच्या नुकसानभरपाईत लबाडी वाढली आहे, अशी तक्रार विमा कंपन्या वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. ती निराधार नाही. उत्तर प्रदेशातील संशयास्पद दाव्यांसाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमावयास लावले. २०२१ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा पथकाकडे १,३७६ प्रकरणे जमली होती. त्यांपैकी सुमारे अडीचशेंची चौकशी पुरी होऊन १६६ जण प्रथमदर्शनी दोषी आढळले होते. त्यांत अर्जदार होते, तसेच वकील, पोलीस, डॉक्टर आणि खुद्द विमा कंपन्यांचे कर्मचारीही होते. शेवटच्या मंडळींचा उल्लेख कंपन्यांच्या तक्रारीत सहसा आढळत नाही.

या लबाडीचा एक ठरीव प्रकार आहे. अपघात खरा असतो, मृत्यूही खरा असतो. खोटे असते ते वाहन. धडक देणारा पळून गेलेला असतो किंवा त्याच्या गाडीचा विमाच नसतो. मग काही आठवड्यांनी पुरवणी जबाबात कोणा ओळखीच्या माणसाची, विमा उतरविलेली गाडी अवतरते. असे का घडते, हे समजण्यास थोडे गणित पुरेसे आहे. साताऱ्याहून म्हसवडमार्गे पंढरपूरला जाणाऱ्या रस्त्यावर महिना १२ हजार मिळविणारा, तीस वर्षांचा एखादा मजूर रात्री गाडीखाली सापडला आणि त्याच्यामागे पत्नी, दोन मुले व आई राहिली, असे समजा. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) व प्रणय सेठी (२०१७) या निकालांप्रमाणे उत्पन्नात भावी वाढीचे ४० टक्के मिळवावयाचे, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करावयाचा आणि वार्षिक रकमेला १७ ने गुणावयाचे. उत्तर येते २५,७०,४०० रुपये. गाडी सापडलीच नाही तर? २ लाख रुपये. १ एप्रिल २०२२ पूर्वी तर अवघे २५ हजार. मृत्यू तोच, विधवाही तीच; अंधारात कोणी गाडीचा नंबर वाचला की नाही, एवढाच काय तो फरक. या दरीतच दलाल आपले दुकान थाटतो.

यावर सरकारने योजलेला एक उपाय म्हणजे मुदत. अर्ज सहा महिन्यांच्या आत केला पाहिजे, ही १९९४ मध्ये काढून टाकलेली अट २०१९ च्या दुरुस्तीने परत आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. दलालाचे यात काहीच बिघडत नाही; त्याचे कागद आठ दिवसांत तयार असतात. सहा महिने अपुरे पडतात ते माणदेशातील त्या विधवेला, जिचा नवरा ऊसतोडीला किंवा गलाईच्या कामाला गेलेल्या परमुलखात दगावला. राहत्या जिल्ह्यात अर्ज करण्याची मुभा कायद्याने दिली आहे खरी, परंतु पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल तिकडच्या कचेऱ्यांत पडून असतो. केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२५ मध्ये द्यावा लागला, यातच सारे आले.

खरा उपाय २०२२ च्या नियमांत आहे. तपासी अंमलदाराने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा प्राधिकरणाकडे पाठवावयाचा आहे. वाहन अज्ञात आहे, ही नोंद दोन दिवसांत न्यायाधीशांच्या मेजावर पोचली, तर दोन महिन्यांनी त्यात नंबर घुसडणे सोपे राहणार नाही. आणि खऱ्या जखमीला कागदांसाठी ठाण्याचे उंबरे झिजवावे लागणार नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कामासाठी पोलीस ठाण्यांत स्वतंत्र कक्ष उभारण्यास सांगितले. तालुक्याच्या ठाण्यांतून हे कितपत पाळले जाते, हे जिल्हा पोलीस प्रमुखांनी एकदा प्रसिद्धच करावे.

खोट्या दाव्यांची एवढी चर्चा होते. न केलेल्या दाव्यांची मात्र होत नाही. २०२२ मध्ये देशात धडक देऊन पळून गेल्याचे ६७,३८७ अपघात नोंदले गेले. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच दाखवून दिल्याप्रमाणे, २०२२-२३ या आर्थिक वर्षात त्यासाठीचे दावे होते २०५, आणि निकाली निघाले ९५. या भरपाईसाठी वकील लागत नाही, साताऱ्याचे न्यायालयही लागत नाही. अर्ज महसूल खात्याच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे किंवा तहसीलदाराकडे द्यावयाचा असतो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. ही माहिती मृताच्या घरी पोचविण्याचे काम त्याच निकालाने पोलिसांवर सोपविले आहे.